बॉण्डचे डॉक्टर येतात आणि जातात. ग्रामसभेने मागणी काय करावी?

प्रश्न
आमचे गाव मेळघाटात, धारणी तालुक्यात आहे. आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. आमच्याकडे केंद्राची इमारत आहे. पण चार वर्षांत पाच वैद्यकीय अधिकारी आले आणि गेले, आणि त्यांतले बहुतेक बॉण्डवरचे, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक मुदत सरकारी सेवा करायची, नाहीतर दंड भरायचा, अशा करारावरचे होते. डॉक्टरांना इथली कोरकू बोली जरा कळू लागते, तोवर त्यांची मुदत भरते. बॉण्डची मुदत वाढवावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा का?

प्रतिसाद १
मी दुसऱ्या एका जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यात बॉण्डवर वर्षभर काम केले आहे. निवासस्थानाचे छत इतके गळत असे, की पावसाळ्यात मी औषधांच्या खोलीत, खोक्यांच्या शेजारी अंथरूण घालून झोपत असे. दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असल्यामुळे सकाळची ओपीडी, दुपारचे अहवाल आणि रात्रीची बाळंतपणे मला एकट्यालाच पाहावी लागत. मुदत दुप्पट केली असती, तर मी दंड भरून निघून गेलो असतो. ठरावात निवासस्थानाची दुरुस्ती आणि दोन्ही पदे एकाच वेळी भरण्याची मागणी करा.

प्रतिसाद २
निवासस्थानाची आणि पदांची ही मागणी रास्तच आहे, परंतु केवळ डॉक्टरांची वाट पाहत बसू नका. जामखेडला डॉक्टर असलेल्या आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या आरोग्य प्रकल्पात गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, आणि त्यांतील अनेकींना लिहिता-वाचताही येत नव्हते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. या स्त्रियांना गावची बोली शिकावी लागत नाही आणि त्यांची बदलीही होत नाही.

प्रतिसाद ३
मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका आहे. वरील उदाहरणांविषयी मला मनापासून आदर आहे; मात्र आशाताईंवर, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविकांवर, भार टाकून डॉक्टरांची जागा भरली, असे कोणी समजू नये. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, की आशाताई रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावते, मी इंजेक्शन देते आणि सलाईन लावते. त्यापुढे मात्र शस्त्रक्रिया करणारे हात आणि रक्ताची पिशवीच लागते. म्हणून ठरावात आणखी दोन गोष्टी घाला: आशाताईंचा मोबदला दरमहा वेळेवर मिळावा, आणि दिवस भरत आलेल्या दूरच्या पाड्यांवरील गरोदर स्त्रियांसाठी केंद्रातील माहेरघर खरोखर चालू राहावे. तिथे जेवण मिळत नसेल, तर कोणीही राहायला येत नाही.