क्लॅरिनेट क्विंटेटच्या कार्यक्रमाला आईबाबांना नेऊ का?

मुक्काम_लंडन:
आईबाबा पुण्याहून आलेत. विगमोर हॉलला पुढच्या आठवड्यात मोझार्ट आणि ब्राह्म्सचं क्लॅरिनेट क्विंटेट आहे, म्हणजे चार तंतुवाद्यं आणि एक क्लॅरिनेट. बाबा वर्षानुवर्षं सवाईला जाणारे पण पाश्चात्त्य संगीत कधी ऐकलेलं नाही, क्लॅरिनेट म्हटलं की त्यांना वरातीतला बँडच आठवतो. तिकिटं काढू का? आणि घरी आधी काय ऐकवू?

सुरंगी:
काढाच! आधी फक्त मोझार्टचा दुसरा भाग ऐकवा, लार्गेटो, रात्री जेवणं झाल्यावर शांतपणे. १७८९ मध्ये त्याने हे आपल्या मित्रासाठी, अँटोन श्टाडलरसाठी लिहिलं, आणि या भागात व्हायोलिनवाले ब्रिजवर, म्हणजे तारांखालच्या घोडीवर, छोटासा म्यूट चढवतात त्यामुळे तारांचा आवाज एकदम मऊ होतो आणि त्यावर क्लॅरिनेट नुसतं गात राहतं. वरातीचा बँड बाबा विसरतील बघा.

एकतारी:
मी तर ब्राह्म्सच आधी ऐकवेन. १८९० मध्ये त्याने आता पुरे, लिहिणं बंद असं ठरवलं होतं, मग जर्मनीतल्या माइनिंगेनच्या ऑर्केस्ट्रातल्या म्यूलफेल्डचं क्लॅरिनेट त्याने मनापासून ऐकलं आणि १८९१ च्या उन्हाळ्यात हे लिहून झालं पण. अडाजिओच्या, म्हणजे दुसऱ्या संथ भागाच्या, मध्यात क्लॅरिनेट जे सुटतं ना, हंगेरीतल्या जिप्सी वादकांसारखं, ते आलाप ऐकणाऱ्या कानाला लगेच भिडतं. आणि शेवटी अगदी सुरुवातीची धून परत येते, मुखड्यावर आल्यासारखी, ती बाबा बरोब्बर पकडतील.

मुक्काम_लंडन:
बाबांना मधेच "क्या बात है" म्हणायची सवय आहे, तिथे चालेल का?

सुरंगी:
नाही हो, तिथे वाजवत असताना पिनड्रॉप शांतता असते. दोन्ही रचनांचे चार चार भाग आहेत, चारही संपल्यावरच टाळ्या. ब्राह्म्स तर अगदी हळू विझत संपतो, वादकांनी बो (गज) खाली घेईपर्यंत थांबायला सांगा. हॉल १९०१ चा, जेमतेम साडेपाचशे खुर्च्या, त्यामुळे माइकबिइक काही लागत नाही, मागे बसलात तरी श्वास ऐकू येतो. पण जमलं तर पुढचीच घ्या, मोझार्टच्या मिन्युएटमध्ये, म्हणजे नाचाच्या चालीच्या तिसऱ्या भागात, पहिल्या ट्रिओत (मधल्या तुकड्यात) क्लॅरिनेट गप्प असतं, तेव्हा वादकाकडे बघा, वाद्य गार पडलं की सूर उतरतो म्हणून काहीजण आवाज न करता त्यात हळूच गरम फुंकर घालत बसतात.

मुक्काम_लंडन:
काल रात्री लार्गेटो लावलं. बाबा डोळे मिटून बसले होते, संपल्यावर म्हणाले परत लाव. आईने विचारलं हा माणूस श्वास कुठे घेतो. तीन तिकिटं काढली, तिसरी रांग. ब्राह्म्स आज ऐकवतो.