ऑफिसातला मायक्रोवेव्ह : शाकाहारी डब्यांना वेगळा हवा का?

डबेकरी
शंभर-सव्वाशे माणसांचं ऑफिस, दोन मायक्रोवेव्ह, एक फ्रिज. पुण्या-मुंबईकडे हे नेहमीचंच. डब्यात मासे-मटण आणायला बंदी घालणं मला मान्य नाही. पण दोनपैकी एका मायक्रोवेव्हला हिरवी पट्टी लावून तो फक्त शाकाहारी डब्यांना ठेवावा. फ्रिजचा वरचा खणही तसाच. (वरचाच, कारण रस्सा सांडला तर खाली गळतो.) टेबलं मात्र सगळ्यांना एकच. यात कुणाचं काय बिघडतं?

रांगेतला
गणित बिघडतं. एका डब्याला दोन मिनिटं, ठेवणं-ढवळणं-काढणं धरून तीन. म्हणजे एका यंत्रावर तासाला वीस डबे, आणि बहुतेकांना जेवायचं असतं एक ते दोनमध्येच. सोमवार, गुरुवार, संकष्टी, अख्खा श्रावण... तुमच्या हिरव्या पट्टीसमोर पंधरा जण ताटकळणार आणि शेजारचं यंत्र रिकामं. बुधवार-शुक्रवारी नेमकं उलटं. वेगळं करायचंच तर तिसरं यंत्र घ्या, आणि त्याला वायरिंगही वेगळं. एकेक यंत्र साधारण १२०० वॉट ओढतं. तिन्ही एका १६ अँपिअरच्या लाइनवर टाकली आणि कुणी चहाची किटली लावली की एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडलाच म्हणून समजा.

सुकटप्रेमी
पट्टी कशाला? तक्रार वासाची असते, तिच्यावर इलाज करा. मासा शिळा होत जातो तसं त्यात ट्रायमिथाइलअमाइन वाढतं, वास त्याचा. ते अल्कलीधर्मी, म्हणून कोकम, चिंच, लिंबू त्याला दाबतात. कोकम घातलेलं कालवण झाकण सैल ठेवून अर्ध्या पॉवरवर तीन मिनिटं, मध्ये एकदा ढवळून गरम केलं तर शेजारच्यालाही फारसा पत्ता लागत नाही. तळलेली तुकडी मात्र गरम करूच नये. फुल पॉवरवर दोन मिनिटं फिरवली की ती चिवट तर होतेच, वर वास पार रिसेप्शनपर्यंत. सुकट, सुके बोंबील, जवळा हे घरीच खावं, माझं नाव काहीही असलं तरी.

नंतर वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, सालासकट तीन मिनिटं उकळा. दार पाच मिनिटं बंद ठेवा, मग पुसा. खायच्या सोड्यानं या वासाचं फारसं काही होत नाही, तोही अल्कलीच.

आणि तुमच्या हिरव्या पट्टीच्या यंत्रात लसणीची फोडणी दिलेली मेथी फिरवून बघा, मग वासाबद्दल बोलू.

माळकरी
वास हा तुमचा मुद्दा झाला. गळ्यात तुळशीची माळ असलेल्याची अडचण शिंतोड्यांची असते. काचेच्या फिरत्या ताटलीवर कालचा रस्सा वाळलेला, आणि कुणीतरी पोळ्या तशाच त्यावर ठेवतं. लिंबाच्या वाफेनं वास जाईल, पण ज्याला ती ताटली चालत नाही त्याला ती चालायला लागणार नाही. शेजारी बसून कुणी काहीही खावं. भांडं तेवढं वेगळं हवं, आणि त्यासाठी रांग दहा मिनिटांनी वाढली तरी चालेल.

वाढपी
मायक्रोवेव्हचं भांडण छोटं आहे. खरा घोळ कॅन्टीनच्या काउंटरवर होतो. एका भांड्याला एकच डाव, दांड्याला रंगीत टेप. मांडणी आधी जैन, मग शाकाहारी, शेवटी सामिष, म्हणजे ताट पुढे सरकताना मागच्या भांड्यात काही ठिबकत नाही. कढईही वेगळी. मच्छी तळलेल्या तेलात बटाटेवडे काढले तर पाटी कितीही हिरवी असो, ती फसवणूकच.

सगळ्यात जास्त बोंब जैन भाजीची. शंभर ताटांमागे आठ जणांसाठी केलेली भाजी बाकीचेच "आज काहीतरी वेगळं दिसतंय" म्हणून वाढून घेतात आणि दीड वाजता आलेल्या जैन माणसाच्या वाट्याला दहीभात. सकाळी अकरापर्यंत नावं घ्या, तेवढे डबे भरून बाजूला काढा. काउंटरवर ठेवूच नका. जैन म्हणजे नुसता कांदा-लसूण वगळणं नाही. बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं, सगळंच बाद. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं उकडून घाला, दाटपणा तोच येतो. तयार मसाल्याच्या पुडीमागचं लेबल वाचा, त्यात लसूण पावडर असू शकते.

आणि शेंगदाण्याच्या कुटाबद्दल कुणीच का बोलत नाही? शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला हिरवा ठिपका काहीच सांगत नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी त्याच्या जिवावर बेतू शकते. शिजवल्यानं ॲलर्जी टळत नाही, आणि खिचडीतला डाव कोशिंबिरीत गेला तरी पुरतं. वेगळी पाटी लावायचीच असेल तर पहिली तिथे लावा.

पंगत
पट्टी यंत्रावरून टेबलावर यायला वेळ लागत नाही. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीत हॉस्टेलच्या मेसमधली सहा टेबलं शाकाहारींसाठी राखली. निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार केला तर दहा हजार रुपये दंड! आपल्याकडे कोण कुठे बसून काय खातं यावरून जात ओळखली जाते, हे माहीत असताना "साधी सोय आहे" म्हणणं भोळेपणाचं आहे. भोळेपणाचं म्हणतोय, कारण दुसरा शब्द इथे लिहिता येणार नाही.

खिडकीपाशी
सरसकट असं म्हणू नका. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या वासानं उमळून येतं, आणि त्यात आयुष्यभर मासे खाणाऱ्याही असतात. एक्झॉस्टखाली किंवा खिडकीशी एक टेबल असं असावं की जिथे वासाचं काही उघडायचं नाही.

पंगत
बिनपाटीचं असेल तर मान्य. तिथे बसणाऱ्यानं शेजाऱ्याला तोंडी सांगावं, बस्स. पाटी आली की दंडही येतो.

डबेकरी
टेबलाबद्दल माझंही तेच म्हणणं होतं. यंत्रावरची पट्टी मात्र मी सोडत नाही. रांगेवर तोडगा : एक ते दीड पट्टी लागू, दीडनंतर दोन्ही यंत्रं सगळ्यांना.

माळकरी
म्हणजे दीड वाजून एक मिनिटानं ताटलीवर रस्सा. त्यापेक्षा तेवढ्याच मापाची दुसरी काचेची ताटली घ्या, कपाटात वेगळी ठेवा. ज्याला हवी त्यानं बदलून घ्यावी.

रांगेतला
हे चालेल. पण ताटली गरम असते, शेजारी जाड फडकं ठेवा. आणि रस्सा सांडला तर ज्याचा डबा त्यानं लगेच पुसायचा, हे आधी ठरवा. सध्या सगळं साफसफाईच्या मावशींवर पडतं. त्यांच्याही गळ्यात माळ असू शकते, हे कुणी विचारलंय का?