अनुभव धागा: बेटांपासून दूर, साधं हवाईयन जेवण – कुठे मिळतं, कसं ओळखायचं, घरी कसं करायचं

कालवण (धागाकर्ता)

अमेरिकेत 'हवाईयन' अशी पाटी दिसली की आत बहुतेक वेळा अननसाची चकती आणि गोड सॉस असतो. (हवाईयन पिझ्झा तर १९६२ साली कॅनडात, ऑन्टारियोतल्या चॅटम गावी सॅम पॅनोपुलोस यांनी काढला. नाव आलं ते अननसाच्या डब्यावरून.) या धाग्यात ते नको, आणि रिसॉर्टमधला पर्यटकांचा लुआऊही (हवाईयन मेजवानी) नको. बेटांवरचे लोक दुपारी डब्यात किंवा कागदी प्लेटमध्ये जे खातात त्याबद्दल लिहा: प्लेट लंच, लोको मोको (भातावर बीफची टिक्की, तळलेलं अंडं आणि ग्रेव्ही), मुसुबी, पोके, कालुआ पोर्क, लाउलाउ. भाव लिहू नका, ते बदलतात. काय मागवायचं, काय तपासायचं आणि घरी करताना कुठे फसतं, तेवढं लिहा.

दोनमुदी

आधी प्लेट लंच, कारण जागेची परीक्षा तिथेच होते. भाताच्या दोन मुदी, मॅकरोनी सॅलडची एक आणि बाजूला मांस. हे जेवण मळ्यांवरच्या मजुरांच्या डब्यांतून आलं; जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज, कोरियन सगळे एका उसात राबले आणि सगळ्यांचं थोडं थोडं ताटात उतरलं.

भात मध्यम दाण्याचा, कालरोज जातीचा हवा. चिकट, पण गिचका नाही. बासमती किंवा जास्मिन आला तर बाकीच्या ताटाकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. मॅकरोनी दातांना टणक लागायला नको, ती मुद्दाम जास्त शिजवतात. सॅलडमध्ये मका, ढोबळी मिरची, अननस असलं काही दिसलं तर ते दुसरंच सॅलड आहे. आणि काट्सू (पांको म्हणजे जपानी ब्रेडच्या चुऱ्यात घोळून तळलेलं मांस) कापल्यावर पांको सुटून बाजूला पडला तर तो आधी तळून ठेवलेला आहे.

एल अँड एल सगळ्यात सहज सापडतं. होनोलुलूच्या लिलिहा रस्त्यावर १९५२ पासूनचं नाव, १९७६ मध्ये एडी फ्लोरेस आणि जॉन्सन काम यांनी घेतलं, १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात आलं आणि मुख्य भूमीवर 'हवाईयन बार्बेक्यू' झालं. फ्रँचायझी आहे, त्यामुळे प्रत्येक शाखेची परीक्षा वेगळी घ्या. पहिल्यांदा गेलात तर बार्बेक्यू मिक्स नको, काट्सू किंवा लोको मोको मागवा. गोड सॉसमध्ये बरंच काही लपतं, ग्रेव्हीत लपत नाही.

वाळवंटी

लास वेगासला बेटांवरचे लोक 'नववं बेट' म्हणतात ते उगाच नाही. २०२० च्या जनगणनेत मूळ हवाईयन वंशाचे निम्म्याहून जास्त लोक हवाई राज्याबाहेर राहताना आढळले, आणि त्यातले पुष्कळ नेवाडा, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, युटाह इथे आहेत. जिथे ते राहतात तिथे जेवण चांगलं, इतका सरळ हिशेब आहे.

वेगासमध्ये स्ट्रिप (मोठ्या कॅसिनोंचा रस्ता) सोडा आणि डाउनटाउनला या. सॅम बॉइड यांचं कॅलिफोर्निया हॉटेल १९७५ मध्ये उघडलं आणि त्यांनी गिऱ्हाईक हवाईतूनच ओढलं. तिथे वरच्या मजल्यावर अलोहा स्पेशालिटीज आहे: साधा काउंटर, साइमिन (नूडल्सचं सूप), प्लेट लंच. शहराच्या नैऋत्य भागात २०२३ पासून झिपीज आहे, होनोलुलूतली जुनी साखळी. तिथे झिप पॅक घ्या. भातावर फुरिकाके (शेवाळ-तिळाची कोरडी भुकटी), वर तेरियाकी बीफ, तळलेलं चिकन, मासा, स्पॅम (डबाबंद डुकराचं मांस) आणि ताकुआन म्हणजे मुळ्याच्या लोणच्याची पिवळी चकती. एकाच डब्यात सगळा अभ्यासक्रम.

मिठागर

युटाहचं कोडं अनेकांना पडतं, म्हणून एक ओळ. मॉर्मन चर्चमुळे १८८९ मध्येच हवाईयन कुटुंबांची योसेपा ही वसाहत सॉल्ट लेकच्या पश्चिमेला झाली होती, आणि पॉलिनेशियन लोकांचं येणं पुढेही चालूच राहिलं. मो बेटाझ ही साखळी २००८ मध्ये तिथल्याच बाउंटिफुल गावात सुरू झाली. यादी आखूड आहे, आणि ते चांगलंच. चाळीस पदार्थ असलेल्या हवाईयन हॉटेलात मी कालुआ पोर्क मागवणार नाही.

रविवारचा डबा

मॅक सॅलडचं प्रमाण देतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. एल्बो मॅकरोनी ४५० ग्रॅम. पाकिटावरच्या वेळेपेक्षा ४-५ मिनिटं जास्त शिजवा, बोटांनी सहज चेपली पाहिजे. निथळून गरम असतानाच २ मोठे चमचे सायडर व्हिनेगर आणि १ मोठा चमचा किसलेला कांदा घालून हलवा. गरम मॅकरोनीच आंबटपणा आत ओढते, गार झाल्यावर घातलं तर तो वरवर राहतो.

मग १५-२० मिनिटं थांबा. गरमागरम मॅकरोनीत मेयोनेज घातलं की ते फुटतं आणि तळाशी तेल दिसतं. कोमट झाल्यावर १ कप मेयो आणि अर्धा कप दूध एकत्र करून घाला, एक गाजर बारीक किसून, मीठ, मिरी, चमचाभर साखर. फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी ते कोरडं दिसेल, कारण मॅकरोनी सगळं पिऊन टाकते. तेव्हा आणखी १ कप मेयो घाला. मेयो बेस्ट फूड्सचं (रॉकीजच्या पूर्वेला तेच हेलमन्स नावाने मिळतं). मिरॅकल व्हिप नको, ते गोड असतं.

अळूवडी

लाउलाउबद्दल. हवाईत 'लुआऊ' म्हणतात ते पान म्हणजे आपलं अळू. त्यात डुकराचं मांस आणि खारवलेल्या बटरफिशचा तुकडा गुंडाळतात, बाहेरून टी नावाच्या झुडपाचं (चहाचं नव्हे) पान बांधतात आणि वाफवतात. मुख्य भूमीवरचे लोक अळू मिळत नाही म्हणून पालक घालतात. पालक पंधरा मिनिटांत विरघळतो आणि आत डबक्यासारखं पाणी होतं. भारतीय किराणा दुकानात गुजराती पात्र्यासाठी म्हणून ठेवलेली पानं घ्या, ताजी किंवा फ्रोझन. टीच्या पानाऐवजी केळीचं पान चालतं, तेही त्याच दुकानात फ्रीझरमध्ये असतं. गॅसवर शेकून घ्या, नाहीतर घडीवर फाटतं.

माणशी एक पुडी: अळूची ५-६ पानं, देठ आणि मागची जाड शीर काढून, पोर्क बटचे (डुकराच्या खांद्याचं मांस) चरबीसकट ४ सेंटीमीटरचे तुकडे १५० ग्रॅम, बटरफिश (ब्लॅक कॉड) ३० ग्रॅम, जाडं मीठ पाऊण छोटा चमचा. मासा खारवलेला असेल तर मीठ निम्मं.

खरी गोम वेळेत आहे. आपण अळूला चिंच, आमसूल, ताक लावतो. लाउलाउत आंबट काही नसतं. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया निव्वळ उष्णतेवर आणि वेळेवर निभवायच्या. उघड्या वाफेवर किमान ४ तास, पाणी मधूनमधून बघत. इन्स्टंट पॉटमध्ये जास्त दाबावर ७५ मिनिटं आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. घास घेतल्यावर घसा खवखवला तर पुडी परत आत, आणखी तासभर. पान काळपट हिरवं आणि लोण्यासारखं झालं पाहिजे. उकलताना पदर वेगळे दिसत असतील तर झालेलं नाही.

दोनमुदी

@अळूवडी, मग बाजारातल्या अरवीपासून पोईही (अळूच्या कंदाचा कुटलेला लगदा) होईल का?

अळूवडी

नाही. बारीक अरवीचा लगदा बुळबुळीत होतो, पोईसारखा चिवट होत नाही. मोठा कंद (आशियाई दुकानात मिळतो, आत जांभळ्या रेषा असतात) पूर्ण शिजवून, थोडं थोडं पाणी घालत कुटला तर जवळपास जाता येतं. तयार पिशवी मिळाली तर पाणी एकदम ओतू नका, चमचा-चमचा घालून हाताने मळा. बाहेर ठेवली की दिवसा-दोन दिवसांत आंबते. ते बिघडणं नाही, अनेकांना तशीच आवडते. वर पाण्याचा पातळ थर ठेवला की साय धरत नाही. आणि नुसती खाऊन 'बेचव' म्हणू नका, ती खारट पोर्कबरोबर खायची असते.

धूरकरी

कालुआ पोर्क इमूत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्याच्या भट्टीत होतं; घरी ओव्हन. पोर्क बट सव्वादोन किलो, लाल अलाआ मीठ (जाडं) दीड मोठा चमचा, लिक्विड स्मोक (धुराच्या चवीचा अर्क) १ मोठा चमचा. मांसाला सुरीने टोचे मारा, मीठ चोळा, केळीच्या पानात आणि वर फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, १६० अंश सेल्सियसला ५ तास. बारीक टेबल मीठ वापरलं तर प्रमाण कमी करा, कारण बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं. लिक्विड स्मोक दुप्पट केला तर औषधी वास येतो आणि तो जात नाही.

मांस विंचरल्यावर तळाचा रस चरबी काढून परत घालायचा. बाहेर खाताना हेच तपासा: कोरडं मांस, वर बार्बेक्यू सॉसचा फवारा, म्हणजे रस फेकून दिला.

मीनाक्षी

पोके, म्हणजे तुकडे करून कालवलेला कच्चा मासा. काचेच्या कपाटात आधीच कालवून ठेवलेला, वजनावर विकला जाणारा पोके शोधा. सिएटलला उवाजिमाया, कॅलिफोर्नियात टोक्यो सेंट्रल. 'तुम्हीच निवडा' पद्धतीत आंबा, मका, तिखट मेयो घालतात, आणि मासा शेवटच्या दोन मिनिटांत सॉसला भेटतो.

घरी: आही (ट्यूना) ४५० ग्रॅम, २ सेंटीमीटरचे चौकोन, अर्धा छोटा चमचा जाडं मीठ, २ छोटे चमचे तिळाचं तेल, २ मोठे चमचे शोयू (सोया सॉस), गोड कांदा, असल्यास लिमू शेवाळ. शोयू अगदी शेवटी; तासभर राहिला तर मासा पाणी सोडतो आणि रबरासारखा होतो. व्हॅक्यूम पाकिटातला फ्रोझन मासा पाकीट फोडूनच फ्रिजमध्ये उतरवा. हवाबंद पाकिटात बोट्युलिझमच्या जंतूंना वाव मिळतो. कलिंगडासारखा एकसारखा गुलाबी ट्यूना बहुधा कार्बन मोनॉक्साइड दिलेला असतो. रंगावरून त्याचा ताजेपणा कळत नाही, वास घ्या.

इनामोना म्हणजे भाजलेल्या कुकुई बियांचा खारा चुरा. हेच आपलं जंगली अक्रोड, आग्नेय आशियाई दुकानात 'केमिरी'. कच्चं अजिबात खाऊ नका, पोट धरून बसाल. त्याऐवजी भाजलेला काजू आणि मीठ चालतं.

नोरीवाला

मुसुबी म्हणजे भाताच्या मुदीवर स्पॅमचा काप, भोवती नोरी शेवाळाची पट्टी. ३४० ग्रॅमच्या स्पॅमच्या डब्यात ८ काप. आधी कोरडे परता, मग ३ मोठे चमचे शोयू आणि ३ मोठे चमचे साखर. उलटा क्रम केला तर साखर जळते. साचा नसेल तर तोच डबा धुऊन आत प्लॅस्टिक लावा. कडा धारदार असतात. भात गरम, व्हिनेगर नाही, हात ओला करून घट्ट दाबा. फ्रिजमध्ये ठेवू नका, भात वाळूसारखा होतो. चार तासांत संपवा.

गोव्याकडच्यांसाठी: पोर्तुगीज सॉसेज मिळालं नाही म्हणून चोरीस घालू नका. हवाईचं सौम्य, धुरी दिलेलं, जरा गोड असतं. चोरीसचं व्हिनेगर बाकी सगळं दाबतं.

कालवण (धागाकर्ता)

शाकाहारींनी काय करायचं, असं दोघांनी विचारलंय. कोणी सांगेल का?

दोनमुदी

बाहेर फार कमी आहे. लोको मोकोची ग्रेव्ही बीफची, मॅक सॅलडमध्ये अंडं, फुरिकाकेत बहुधा बोनिटो माशाचा चुरा. टोफू काट्सू असेल तर तेल वेगळं आहे का ते विचारा. छोट्या जागी एकच कढई असते.

निर्धास्त म्हणजे हाउपिया (नारळाच्या दुधाच्या वड्या), घरीच करा: नारळाचं दूध ४०० मिली, पाणी पाऊण कप, साखर ६ मोठे चमचे, कॉर्नस्टार्च ५ मोठे चमचे, चिमूट मीठ. कॉर्नस्टार्च थोड्या गार पाण्यात कालवूनच घाला, नाहीतर गुठळ्या होतात. घट्ट झाल्यावर लगेच उतरवू नका, बुडबुडे येऊ देत आणखी २-३ मिनिटं घोटा. कच्च्या पिठाची चव तेवढ्यानेच जाते. वीस सेंटीमीटरच्या चौकोनी ताटलीत ओता, ३ तास फ्रिजमध्ये, मग वड्या. सुरी दर कापाला ओली करा.