आधी जेटिंग, मग कॅमेरा
ड्रेनेजचा पाइप आतून तपासायला कॅमेरा घालणं म्हणजे नुसते पैसे उकळायचे धंदे असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. आमच्याकडे तुंबलेल्या लाइनमध्येच कॅमेरा घातला होता, स्क्रीनवर नुसतं गढूळ पाणी, लेन्सला चरबी चिकटलेली, दिसलं काहीच नाही आणि व्हिजिटचे पैसे मात्र पूर्ण गेले. मग जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने पाइप साफ करून घेतला (त्याचं बिल अर्थातच वेगळं) आणि परत कॅमेरा. त्यामुळे भाव विचारताना जेटिंग त्यात धरलंय का, आणि चेंबर सापडलं नाही तर कमोड काढून कॅमेरा घालायचे जादा लावणार का, हे आधीच बोलून घ्या.

अजून एक, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मुंडक्याजवळ छोटा ट्रान्समीटर असतो, बहुतेक ५१२ हर्ट्झचा, वरून त्याचा सिग्नल पकडणारं यंत्र (लोकेटर) फिरवलं की पाइप नेमका कुठे बिघडलाय आणि किती खोल आहे ते कळतं. आमचा एक सांधा सरकला होता, माणसाने फरशीवर खडूने फुली मारून दिली, तेवढीच फरशी फोडली. नुसता व्हिडिओ देणारा स्वस्त पडतो खरा, पण मग खोदायचं कुठे?