मदत हवी आहे: घराच्या संरक्षणासाठी कार्बाइन (आखूड रायफल), ९ एमएम घ्यावी की एआर-१५? (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासमध्ये गावाबाहेर राहतो. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांचं मागचं दार मध्यरात्री कुणीतरी फोडलं, तेही घरात माणसं असताना. पोलीस पोचायला २२ मिनिटं लागली. तेव्हापासून बायकोला धड झोप नाही. मी महिन्यातले दहा दिवस कामासाठी बाहेर असतो, तेव्हा घरात ती, आठ वर्षांची लेक आणि सध्या भारतातून आलेली आई.

आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज) आणि पार्श्वभूमी तपासणी झाली की खरेदी होईल. (एच-१बीवाल्यांनी आधी वकिलाला विचारा. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक बाळगणं हाच गुन्हा आहे.)

आधी पिस्तूल बघितलं. बायकोच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालंय. तिला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढता येईना आणि ७ यार्डांवरही गोळ्या विखरत होत्या. मग रेंजवरच्या प्रशिक्षकाने रुगर कंपनीची, पिस्तुलाचीच ९ एमएम गोळी झाडणारी पीसी कार्बाइन हातात दिली. दस्ता खांद्याला टेकला, गाल दस्त्यावर आला आणि पहिल्या दहाही गोळ्या बशीएवढ्या जागेत. तिथेच ठरलं, घ्यायची तर कार्बाइन. हिचा बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता भाग) ओढायचा दांडा डाव्या बाजूलाही बसवता येतो, म्हणजे मनगटाचा प्रश्न बराचसा मिटतो.

पण माझा जीव अडकलाय भिंतीत. इथल्या घरांत भिंत म्हणजे लाकडी सांगाड्यावर दोन्हीकडून अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. आमच्या खोलीच्या दारातून बोळ सरळ जातो आणि त्याच्या टोकाला लेकीची खोली. ९ एमएमची गोळी अशा भिंतींमागून भिंती पार करते. एआर-१५ रायफलची ५.५६ एमएमची गोळी वेगवान असली तरी तिचा हलका, फुटणारा प्रकार लवकर कोलमडतो, असं वाचलं. लवकर म्हणजे किती? एक भिंत तर तीही सहज पार करणार. शिवाय आवाज: १४० डेसिबलच्या पुढे एका दणक्यातही कानाला कायमची इजा होऊ शकते. दोन्ही त्या पुढे आहेत, पण बंद बोळात एआर फारच भयंकर.

नळी १६ इंचांचीच घेणार. त्याहून आखूड रायफलला १९३४च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, त्यात पडायचं नाही.

दुसरा प्रश्न ठेवण्याचा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं इथे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ठेवली नसती. बोटांच्या कळांनी उघडणारी तिजोरी घेतोय. पण आत मॅगझिन लावून चेंबर (नळीमागची गोळीची जागा) रिकामं ठेवायचं, तर ऐन वेळी तिला बोल्ट ओढता येईल का? कुणाच्या घरात असं दुखरं मनगट आहे का?

घरात बंदूकच नको, असं ज्यांना वाटतं त्यांनीही लिहा. महिनाभर मीही तेच म्हणत होतो.

प्रतिसाद:

गोळीचा प्रकार नंतर, आधी घराचा नकाशा काढा. खोल्या बदलता येतील का? लेक आणि आई तुमच्या खोलीच्या मागच्या बाजूला आल्या, तर वहिनींनी बोळात उतरायचंच नाही. दार लावून, पलंगामागे बसून ९११ला फोन चालू ठेवायचा. बाहेरच्या दारांच्या चौकटीत कडीच्या पट्टीला ३ इंची स्क्रू आजच मारा. आणि कार्बाइनवर दिवा हवाच. अंधारात कोण आहे ते दिसल्याशिवाय चापावर बोट नको. रिकाम्या बंदुकीचा बोल्ट रोज वीस वेळा ओढून बघायला सांगा, आठवड्यात कळेल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. स्क्रू काल मारले. लेकीचा पलंग आज आमच्या मागच्या खोलीत हलवतोय, आई तिच्याजवळ झोपेल. शनिवारी बायकोला घेऊन पुन्हा रेंजवर जातो. या वेळी फक्त बोल्ट ओढून बघायचा, डाव्या हाताने.