स्पोलेतोचा महोत्सव एवढ्या लहान शहरात कसा?

प्रश्न: इटलीतील स्पोलेतो या छोट्याशा डोंगरी शहरात दर उन्हाळ्यात संगीत, नृत्य आणि नाट्य यांचा महोत्सव भरतो, तो तिथेच का सुरू झाला असावा?

उत्तर १: संगीतकार जान कार्लो मेनोत्ती यांनी १९५८ साली तो सुरू केला, तेव्हा जुनी नाट्यगृहे आणि रोमनकालीन खुले रंगस्थळ तिथे आयतेच उपलब्ध होते. युरोप व अमेरिका येथील कलावंतांना एकत्र आणायचे, म्हणून त्याचे नाव ‘दोन जगांचा महोत्सव’.

उत्तर २: कॅथेड्रलसमोरच्या चौकातील समारोपाची मैफल मात्र चुकवू नये, रुंद पायऱ्यांवरून खाली पाहिले की दगडी दर्शनी भिंत हीच वाद्यवृंदाची पार्श्वभूमी होते.

उत्तर ३: अमेरिकेतील चार्ल्स्टन येथेही मेनोत्तींच्याच पुढाकाराने १९७७ पासून असा महोत्सव भरतो.