दुधाच्या दाढा किडल्यात, कमी खर्चात कुठे आणि काय करावं? (सोलापूर)

विडी घरकुल:
मुलगी 7 वर्षांची, मुलगा 3 वर्षांचा. मुलीच्या खालच्या दोन दाढांना काळे खड्डे पडलेत, गोड खाल्लं की ठणकतं. मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे दिसतात; तो बाटली तोंडात धरूनच झोपतो. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत. विड्यांच्या मजुरीत खासगी दवाखाना झेपत नाही. आधी कुणाचं बघू?

सात रस्ता:
ताई, दोघांनाही एकाच फेरीत सिव्हिलला न्या. सकाळी ओपीडीत केसपेपर काढून दंत विभागात जायचं.

दुधाच्या दाढा 10 ते 12 व्या वर्षापर्यंत राहतात. त्या आधीच काढाव्या लागल्या की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला जागा उरत नाही. गोड किंवा थंड खाल्ल्यावरच ठणकून लगेच थांबत असेल, तर बहुतेक वेळा सिमेंट भरून भागतं. रात्री झोपेतून उठवणारी ठणक म्हणजे कीड आतल्या नसेपर्यंत गेली. तिथे नुसतं सिमेंट भरून उपयोग नाही.

खड्डा नेमका कुठल्या दाढेत आहे तेही बघा. पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत या, सहावी आली तर ती कायमची. ती 6 व्या वर्षाच्या सुमारास येते आणि तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरोघरी तिला दुधाचीच समजतात. ती अजून चांगली असेल तर सीलंटचं विचारा: दाढेच्या खाचा साफ करून, कोरड्या करून त्यावर पातळ थर देतात. दुखत नाही, सुई नाही. मात्र लावताना थुंकी लागली की थर सुटतो, तेव्हा मुलीला तोंड उघडं ठेवायला आधीच समजावून न्या, आणि दर 6 महिन्यांनी थर शाबूत आहे का ते तपासून घ्या.

गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडेना असं झालं तर त्याच दिवशी जा. शेक देत बसू नका, मेडिकलमधून अँटिबायोटिकही आणू नका.

शाळा तपासणी:
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळेत एकदा येतं. किडलेले दात त्यांच्या यादीत आहेत. पथक आलं की दाढेचं आवर्जून सांगा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागून घ्या. अंगणवाडी सेविकेला तारीख माहीत असते.

विडी घरकुल:
घरात सगळे एकच आयुर्वेदिक पेस्ट वापरतो. मुलाला फ्लोराइड चालेल का? आणि बाटली सोडवू कशी?

सात रस्ता:
चालेल, आणि त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांना तेच हवं. ती किडीची पहिली पायरी आहे, अजून खड्डा नाही, म्हणजे मागे फिरवता येते. नळीवर फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलंय का ते वाचा; बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतंच. 3 वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, 3 ते 6 मध्ये वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रश तुम्ही फिरवायचा, मुलीचाही अजून तुम्हीच. घासून झाल्यावर थुंकायला लावा, पण खळखळून चुळा भरू देऊ नका; फ्लोराइड दातावर राहिलं तरच काम करतं. वेळ कमी असेल तर रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. दवाखान्यात फ्लोराइड वार्निशचंही (दातांवर ब्रशने लावतात तो फ्लोराइडचा लेप) विचारा, ते 3 ते 6 महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

बाटलीतल्या दुधात रोज थोडं जास्त पाणी घालत जा. आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी उरलं की पोर आपणच सोडतं. दूध संध्याकाळी पेल्यातून, बिनसाखरेचं द्या, मग दात घासा.

शाळा तपासणी:
दोन गोष्टी राहिल्या. विड्या वळताना पोरं गप्प राहावीत म्हणून दिवसभर एकेक बिस्किट, गोळी हातात देतात, नुकसान तिथेच होतं. दर खाण्यानंतर तोंडात आम्ल तयार होतं आणि ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. सारखं खाल्लं तर दाताला उसंतच नाही. गोड द्यायचंच तर जेवणासोबत एकदाच द्या, मधल्या वेळी शेंगदाणे-फुटाणे (धाकट्याला भरडून, अख्खे घशात अडकतात). आणि ठणकणाऱ्या दाढेला मिश्री लावू नका. ती भाजलेली तंबाखूच आहे. बधिरपणामुळे थांबल्यासारखं वाटतं, आत कीड चालूच असते, आणि पोराच्या पोटात तंबाखू जाते ती वेगळीच.